दुकान वाढवलं

आमच्या दुकानात खोकायची सोय नाही. माणूस खोकला की भिंतीवरच्या गिटारी हुंकार देतात. जोरात शिंकला तर व्हायोलिनंसुद्धा बोलतात. घटकाभर आलेल्या गिऱ्हाइकाला गंमत वाटते. मला दिवसभर आत बसायचं असतं.

मी तारेची वाद्यं दुरुस्त करतो. लोक मला तारवाले म्हणतात. दुकान म्हणजे एक बोळच आहे. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला कुशीवर व्हावं लागतं. दोन्ही भिंतींवर वाद्यं टांगलेली, मागे माझं कामाचं बाकडं, पुढे काउंटर आणि काउंटरमागे एक स्टूल. त्या स्टुलावर आमची ही बसायची. बसायची म्हणजे प्रश्न विचारायची. तिला सगळा रस्ता प्रश्नबाई म्हणायचा.

काउंटरवर तिने एक काळी पाटी उभी केली होती. रोज सकाळी त्यावर एक प्रश्न लिहायची. शेजारचीच रांग पुढे का सरकते? सभेत पहिली टाळी कोण वाजवतं, आणि त्याला कोण सांगतं? आपलाच आवाज यंत्रातून ऐकला की परका का वाटतो? निवडून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी ओळख का विसरतो? अक्षर मुद्दाम बारीक काढायची. मी म्हणायचो, "अगं, रस्त्यावरून वाचता येईल असं लिही की." ती म्हणायची, "रस्त्यावरून वाचता आलं तर आत कोण येईल?"

आणि लोक येत. तार बदलायची नसली तरी येत. रोजचे म्हणजे मास्तर. शाळेतून निवृत्त झाले होते, पण शिकवायची खोड गेली नव्हती. तिने पहिल्यांदा पाटीवर लिहिलं होतं ते असं: एक तार छेडली तर शेजारची न छेडता का वाजते?

मास्तरांनी समजावलं, "दोन्ही एकाच सुरात लावलेल्या असल्या, वहिनी, की एकीने हलवलेली हवा दुसरीला हलवते."

"म्हणजे शेजारी राहून राहून सवय लागते."

"हे विज्ञान नाही."

"मग काय आहे?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. "हा संसार आहे," म्हणाले.

एकदा तिने लिहिलं, दुकान बंद करण्याला वाढवणं का म्हणतात? आता हा शब्द माझ्या घरातलाच. माझे वडील रोज संध्याकाळी "चल, दुकान वाढवू" म्हणूनच कुलूप लावायचे. मीही तसंच म्हणायचो. मास्तर म्हणाले, "वाईट शब्द तोंडी नको म्हणून. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते."

"म्हणजे दुकानाला फसवायचं?"

"दुकानाला नव्हे हो. नशिबाला."

"नशीब एवढं खुळं असेल तर त्याला भ्यायचं कशाला?" ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "अहो, आजपासून आपण सरळ बंद म्हणायचं. बंद करतो तर बंद. दुकान काय रुसणार आहे?"

झालं. वडिलांचा शब्द आमच्या घरातून त्या दिवशी गेला. पुढे मुलाचं लग्न होऊन सून आली तिने आमच्या तोंडी तो कधी ऐकलाच नाही. तिच्या माहेरी सगळे नोकरीवाले. दुकानाचा उंबरा त्यांनी गिऱ्हाईक म्हणूनच ओलांडलेला.

हिवाळा संपता संपता ही गेली. सकाळी पाटीवर लिहून स्टुलावर बसली आणि म्हणाली, छातीत काहीतरी होतंय. हॉस्पिटलात मी बाहेरच्या बाकावर होतो. एक तरुण डॉक्टर बाहेर आला. चांगला मुलगा होता, आडवळणं घेतली नाहीत. माझ्यासमोर वाकला आणि म्हणाला, "काका, हृदय बंद पडलं."

तेव्हापासून तो शब्द माझ्या तोंडातून निघेना. पंखा बंद कर म्हणायचं असलं तर मी "पंखा पुरे" म्हणायचो. नळाला "थांबव" म्हणायचो. घरात कोणाच्या लक्षात आलं नाही. मी आधीही फार बोलणारा नव्हतो, आमच्या दोघांचं बोलणं तीच बोलायची.

पाटीवर तिचा शेवटचा प्रश्न तसाच राहिला: एकाची जांभई दुसऱ्याला का लागते? तो पुसायला कोणी धजेना, मी तर नाहीच. भेटायला येणारे काउंटरशी उभे राहायचे, चेहरा पाडायचे, "फार वाईट झालं हो" म्हणायचे, मग नजर पाटीवर जायची आणि आ वासायचे. हाताने तोंड झाकायचे, डोळ्यांत पाणी यायचं, ते रडण्याचं की जांभईचं त्यांनाच ठाऊक. ते आवरेपर्यंत मला जांभई यायची. विधुर माणूस आणि सांत्वनाला आलेला माणूस समोरासमोर जांभया देतायत. ती असती तर स्टुलावरून पडली असती हसून.

पण ती नव्हती आणि मी त्या बोळात होतो. हातोडी ठेवली तरी भिंत वाजायची. कोणाला वाद्य परत दिलं की त्या जागी भिंतीवर पांढरा डाग दिसायचा, दुसरं वाद्य आलं की डाग झाकला जायचा, आणि काम सरायचं नाही. लोक मुद्दाम काम आणायचे, मला बरं वाटावं म्हणून. न तुटलेल्या तारा बदलायला आणायचे. चांगुलपणाला नाही म्हणता येत नाही. मी दाराकडे पाठ करून बसायला लागलो, म्हणजे स्टूल दिसणार नाही. तर पाठीला दिसायचं.

शेवटी मी ठरवलं. एका रविवारी, सुनेला नोकरीची सुट्टी होती तेव्हा, दुपारी जेवताना तिला म्हणालो. मुलगा फिरतीच्या नोकरीवर, महिन्यातून थोडे दिवस घरी. घरात आम्ही दोघंच.

"सूनबाई, मी विचार केलाय. आता दुकान वाढवावं म्हणतो."

बंद म्हणता येत नव्हतं म्हणून वडिलांचा शब्द काढला. तो अगदी सहज आला.

तिचा घास हातातच राहिला. "खरंच, बाबा?"

"खरंच. असं किती दिवस चालवायचं?"

"मलाही तेच वाटत होतं. पण म्हटलं, तुमच्याकडून येऊ दे." तिचे डोळे भरले. "आईंना काय वाटेल असं तर नाही ना मनात?"

"तिला पटलं असतं."

"मग सगळं माझ्यावर सोडा. तुम्ही कशाला हात लावू नका."

मला सुटल्यासारखं झालं. लोकांना निरोप देणं, वाद्यं परत करणं, माझ्याच्याने होणार नव्हतं. पोर गुणी आहे, म्हटलं. शब्दाआधी समजते.

आठवडा गेला आणि दुकानात गवंडी आला. हातात टेप. माझ्याशी न बोलता त्याने डाव्या भिंतीचं माप घ्यायला सुरुवात केली. भिंतीपलीकडे शिंप्याची खोली होती, तो जागा सोडून गेल्यापासून रिकामीच.

मी म्हणालो, "काय करतोस रे?"

"भिंत पाडायचीय ना. वाद्यं तेवढी उतरवून ठेवा, तारवाले. आणि अभिनंदन!"

"कशाचं?"

"घ्या! दुकान वाढवताय आणि मलाच विचारताय? सूनबाईंनी शेजारची खोलीसुद्धा घेतली."

मी बाकड्यावर बसलो. तिने काय ऐकलं ते तेव्हा कळलं. सरळ घरी गेलो, सांगून टाकायचं म्हणून. ती दारातच उभी होती. "बाबा, मी आज राजीनामा दिला," ती म्हणाली. "आता पूर्ण वेळ काउंटरवर मीच." तेवढ्यात मुलाचा फोन आला. "बाबा, तुम्ही पुन्हा उभे राहिलात, मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! मी तर घाबरलो होतो." त्याचा आवाज जड झाला होता.

"हूं," मी म्हणालो. गिटारी म्हणतात तसं.

त्यानंतर जो तो अभिनंदन करायला लागला. ज्या रस्त्याने माझं सांत्वन केलं तोच आता माझी पाठ थोपटत होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. सुनेने रंगाचे नमुने आणले, कुठला हवा विचारलं. मी फिकट पिवळा म्हणालो. काहीतरी म्हणायला हवं होतं. जितके दिवस गप्प राहिलो तितकं बोलणं अवघड झालं, आणि तितक्या विटा निघत गेल्या. जे दुकान मला सोडायचं होतं ते दुप्पट होऊन माझ्याभोवती बसत होतं.

ज्या दिवशी भिंत पुरती पडली त्या दिवसाची गोष्ट. गवंड्याने सगळ्या विटा पलीकडच्या खोलीत, तिथल्या शटरला टेकवून रचल्या होत्या. घाव घालता घालता एक वीट उडून आमच्या शटरच्या बाजूच्या पट्टीवर आदळली होती आणि पट्टी वाकली होती, ते कोणी पाहिलं नाही. तो जेवायला गेला. धूळ रस्त्यावर जायला लागली, समोरची बाई ओरडली, म्हणून सुनेने शटर खाली ओढलं. ते तिरकं आलं आणि अडकलं. एका बाजूला जमिनीला टेकलं, दुसऱ्या बाजूला वीतभर फट.

तिने वर ढकललं. मी ढकललं. दोघांनी मिळून ढकललं. भिंतीवरची उरलेली वाद्यं हूं हूं करत राहिली.

"थांबा, गवंड्याला फोन करते," ती म्हणाली. फोन लावला. घंटी आमच्याच मागे, विटांवर ठेवलेल्या त्याच्या पिशवीत वाजली.

आत अंधार आणि धूळ. फटीतून येणारा उजेड जमिनीवर पडला होता. मी खोकलो, आणि पलीकडच्या रिकाम्या खोलीतून तोच खोकला परत आला. आता भिंत नव्हती ना. पूर्वी नुसती वाद्यं उत्तर द्यायची, आता खोलीसुद्धा द्यायला लागली.

फटीत दोन बूट येऊन उभे राहिले. मास्तरांचे.

"तारवाले! अहो तारवाले! दुकान वाढवलं का आज?"

सून फटीशी वाकली आणि ओरडली, "हो मास्तर, वाढवलं की! आजच भिंत पाडली! दुप्पट झालं!"

बूट जरा मागे सरले. "नाही, म्हणजे मी विचारतोय, वाढवलं का?"

"हो म्हणतेय ना!"

"मग तुम्ही आत कशा?"

"वाढवलं म्हणूनच तर आत अडकलोय!"

"सूनबाई, दुकान वाढवलं की माणूस बाहेर असतो."

ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "उन्हाचा परिणाम झालाय की काय यांच्यावर?" मग फटीत, "मास्तर, तुम्ही कोड्यात नका बोलू, कोणालातरी बोलवा. शटर अडकलंय."

"कोडं कसलं त्यात? वाढवलं म्हणजे मिटलं. कुलूप लावलं. दुकानदाराची भाषा आहे ही, जुनी."

"कोण म्हणतं असं?"

"तुमचे सासरेच म्हणायचे. वहिनींनी मोडेपर्यंत. विचारा त्यांना." बूट वळले. "थांबा, मी पहार घेऊन येतो. गवंडी कोपऱ्यावर जेवत असेल."

बूट गेले. सून वाकलेली होती ती तशीच राहिली. मग हळूहळू उभी राहिली. तिचा चेहरा मला नीट दिसत नव्हता.

"बाबा. त्या दिवशी जेवताना तुम्ही काय म्हणालात?"

मी बाकड्यावरची धूळ हाताने पुसायला लागलो.

"तुम्हाला काय करायचं होतं? सरळ सांगा. मला जुनी भाषा येत नाही."

मी तोंड उघडलं. "मला दुकान," म्हणालो आणि अडकलो, त्या शटरसारखा. ती वाट बघत राहिली. बाहेर पडायला दार असतं तर मी तेव्हाही पळालो असतो.

"बंद," मी म्हणालो. "बंद करायचं होतं."

भिंतीवर एक मेंडोलिन बारीकसं वाजलं आणि थांबलं.

"आणि इतके दिवस मला सांगितलं नाहीत? गवंडी आला तेव्हा नाही, विटा निघाल्या तेव्हा नाही! मी तुम्हाला रंग विचारला, तुम्ही फिकट पिवळा म्हणालात!"

"तू विचारलंस म्हणून."

"कोणाला हवा होता फिकट पिवळा?"

"मला कुठलाच नको होता."

ती हसली की रडली, कळलं नाही. स्टुलावर जाऊन बसली. इतक्या दिवसांत त्यावर कोणी बसलं नव्हतं.

"तू माझ्यापायी नोकरी सोडलीस," मी म्हणालो. "मग मी काय तोंडाने सांगणार?"

"तुमच्यापायी?" ती म्हणाली. "बाबा, मी काय काम करत होते माहितीय? दिवसभर कानाला यंत्र लावून तक्रारी ऐकायच्या. माणूस काहीही विचारो, उत्तर त्यांनी शिकवलंय तेच द्यायचं. एक म्हातारा रोज फोन करायचा. एकदा म्हणाला, बाई, तुमच्याकडे पाऊस आहे का? मला हो-नाही म्हणायचीही परवानगी नव्हती. मी कारणच शोधत होते सोडायला. तुम्ही दुकान वाढवायचं म्हणालात, मला वाटलं, सुटले." ती थांबली. "तुम्हाला सुटायचं होतं ते मला कळलंच नाही."

बाहेरून गाड्यांचे आवाज येत होते.

मग ती म्हणाली, "एक विचारू? बंद करून तुम्ही करणार काय होतात?"

प्रश्न साधा होता. मी त्यावर कधी विचार केला नव्हता. शटर ओढायचं, कुलूप लावायचं, एवढ्यापर्यंतच माझं मन जायचं. पुढे काही दिसायचं नाही.

"घरी बसलो असतो."

"घरी आईंची खुर्ची आहे. तिच्याकडे पाठ करून बसणार?"

"तू अगदी तिच्यासारखं विचारतेस."

"त्यांच्याकडूनच शिकले." ती काउंटरवर कोपर टेकून म्हणाली, "मला दुकान हवंय, बाबा. तुमच्यासाठी नाही, मला हवंय. तुम्ही जा. खरंच जा. काम आलं तर घरी आणून देईन, करावंसं वाटलं तर करा. नाहीतर दुसरा माणूस बघेन. पण तुम्ही इथे माझ्या भिडेने बसू नका."

मला वाटलं होतं, हे ऐकून हलकं वाटेल. इतके दिवस त्याचीच तर वाट बघत होतो. पण हात बाकड्यावरून उठेना.

तिची नजर पाटीवर गेली. तिने मोठ्ठी जांभई दिली. लगेच मला आली. तिने माझ्याकडे बघितलं आणि या वेळी ती नक्की हसली.

"हे पुसू का?"

"मी बाहेर पडल्यावर पूस," मी म्हणालो.

मास्तर आले, गवंडी आला, पहार आली. बाहेर चार माणसं जमली, प्रत्येकाचा सल्ला वेगळा. "डावीकडून!" "अरे डावी कुठली, तुझी का माझी?" "आतल्यांची!" शटर करकरलं, गुडघ्याएवढं वर आलं आणि पुन्हा अडकलं.

"आधी तुम्ही निघा, बाबा," सून म्हणाली.

मी जमिनीवर आडवा होऊन सरपटत निघालो. या वयात. मास्तरांनी काखेत हात घालून ओढलं. अंगावर विटांची लाल धूळ. मास्तर माझी पाठ झटकत म्हणाले, "मग? वाढवलं की नाही?"

"तिला विचारा."

"वहिनींसारखं उत्तर देता आता."

मी रस्ता ओलांडला. समोर बसथांब्याचा बाक आहे, त्यावर बसलो. इतकी वर्षं दुकानातून तो बाक पाहिला होता, बाकावरून दुकान कधी पाहिलं नव्हतं. लहान दिसत होतं. हळूहळू शटर वर गेलं. सून आतच राहिली, बाहेर आलीच नाही. तिने ओल्या फडक्याने पाटी पुसली, मग कोरड्या फडक्याने पुसली. मी बघत राहिलो. बघवत नव्हतं असंही नाही आणि बघवत होतं असंही नाही. मग तिने खडू घेतला.

लिहायला तिला वेळ लागला. झाल्यावर मास्तर वाकले, वाचलं, मान हलवून नाही म्हणाले. गवंडी हात पुसत पुढे आला आणि जोरजोरात हो म्हणायला लागला. थोड्या वेळात चारही माणसं काउंटरवर ओणवी होती.

मी खिशात चष्मा चाचपला. तो आत बाकड्यावर राहिला होता. चष्मा असता तरी काय, अक्षर तिने बारीकच काढलं होतं.

बस आली. ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं, "येणार का, काका?" मी हाताने जा म्हटलं. बस गेली. दुकान पुन्हा दिसायला लागलं.

घशात धूळ होती. मी खोकलो. कुठेच काही वाजलं नाही.

मी मुद्दाम पुन्हा एकदा खोकून पाहिलं.